ज्येष्ठांसाठी सरकारी आरोग्य विमा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला सरकार पाच लाखांचं संरक्षण देतं, हे आता बऱ्याच घरांत माहीत झालं आहे. पण ते कुठे चालतं, आधीची योजना सोडावी का, रेशनकार्डावर नाव नसेल तर काय करायचं, इथे माणसं अडतात. आणि अडतात ती बहुतेकदा पेशंट स्ट्रेचरवर असताना. कार्ड घरात असणं वेगळं आणि ते रुग्णालयात चालणं वेगळं. या दोन्हींमधलं अंतर आजारपण येण्याआधी कापून ठेवावं, म्हणून हा खटाटोप. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या कुटुंबांसाठी आहेत. उपचारांच्या याद्या आणि रकमा शासन निर्णयांनुसार बदलत असतात, तेव्हा दाखल होण्यापूर्वी हेल्पलाइनवर एकदा विचारून घ्याच.

आईवडील सत्तरीच्या पुढे आहेत. सर्वांत आधी काय करावं?

आयुष्मान वय वंदना कार्ड काढावं. आजच, दोघंही धडधाकट असताना.

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ ला रांचीत सुरू झाली तेव्हा ती २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेतल्या गरीब कुटुंबांपुरती होती. ११ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ती ७० वर्षं आणि त्यावरच्या सर्वांना खुली केली, आणि २९ ऑक्टोबर २०२४ ला, धन्वंतरी जयंतीच्या दिवशी, ही कार्डं द्यायला सुरुवात झाली. यात उत्पन्नाची अट नाही. निवृत्त मुख्याध्यापक असोत, बागायतदार असोत की शेतमजूर, सत्तर पूर्ण झाली की पात्र. मुलगा किती कमावतो हेही कुणी विचारत नाही.

हप्ता नाही, वैद्यकीय तपासणी नाही, थांबण्याचा काळ नाही. मधुमेह वीस वर्षांचा असो किंवा बायपास आधीच झालेली असो, कार्ड मिळालं त्या दिवसापासून जुना आजारही धरला जातो. खासगी कंपन्या जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबवू शकतात, हे लक्षात घेतलं म्हणजे या एका कलमाची किंमत कळते.

कार्ड कुठे आणि कसं निघतं? किती पैसे लागतात?

कार्ड मोफत आहे. आयुष्मान ॲपवर किंवा राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या लाभार्थी पोर्टलवर घरबसल्या काढता येतं. जमत नसेल तर सीएससी (सामायिक सेवा) केंद्र किंवा योजनेतलं रुग्णालय गाठावं. लागतं फक्त आधार. रेशनकार्ड किंवा उत्पन्नाचा दाखला कुणी मागितला तर तो माणूस वेगळ्या योजनेबद्दल बोलतो आहे असं समजावं.

खरी अडचण आधारला जोडलेल्या मोबाइलची असते. तो नंबर दहा वर्षांपूर्वी बंद पडलेला असतो किंवा गावाकडच्या पुतण्याचा असतो, आणि ओटीपी त्याच्याकडे जातो. आधी नंबर दुरुस्त करून घ्या. आयुष्यभर शेतात राबलेल्या माणसांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, त्यांना चेहऱ्यावरून किंवा बुबुळावरून पडताळणी करून घेता येते. ठसा आला नाही म्हणून कुणी परत पाठवत असेल तर या सोयीची आठवण करून द्यावी.

एक सावधगिरी. फोन करून 'तुमचं आयुष्मान कार्ड मंजूर झालंय, ओटीपी सांगा' म्हणणाऱ्याला काहीही सांगू नका. शंका आली तर १४५५५ या हेल्पलाइनवर स्वतः फोन लावा.

बाबांचं खरं वय ७३ आहे, पण आधारवर ६८ दिसतं.

या पिढीत हे सर्रास आहे. जन्मतारखेऐवजी 'अमक्या दुष्काळाच्या वर्षी' एवढंच सांगितलं जायचं आणि आधार काढताना ऑपरेटरने अंदाजे साल टाकलेलं असतं. योजना मात्र आधारवरचंच वय मानते. पासपोर्ट, पेन्शनची कागदपत्रं किंवा बोर्डाचं प्रमाणपत्र यांपैकी काही हाताशी असेल तर आधार सेवा केंद्रात जन्मतारीख सुधारून घ्या. ती एकदाच बदलता येते, म्हणून पुरावा नीट तपासूनच जा. पुरावाच नसेल तर पुढे सांगितलेल्या, राज्याच्या महात्मा फुले योजनेवर भर द्यावा, तिथे वयाची अट नाही.

नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढे. मग दहा लाख का?

नाही. पाच लाख वर्षाला, कुटुंबातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांत मिळून. कार्ड मात्र प्रत्येकाचं वेगळं निघतं. आणि आजोबा ७४ चे, आजी ६६ च्या असतील तर आजी या तरतुदीत बसत नाहीत.

ज्या घरात २०११ च्या यादीप्रमाणे आधीपासून आयुष्मान कार्ड आहे, तिथल्या सत्तरीपुढच्यांना स्वतःसाठी आणखी पाच लाख मिळतात. ते घरातल्या तरुणांशी वाटून घ्यावे लागत नाहीत. जुनं कार्ड आहे म्हणून नवं काढायचं टाळू नका.

साठ ते एकोणसत्तरच्या लोकांनी काय करायचं?

त्यांच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. लोक अजून तिला 'जीवनदायी' म्हणतात, कारण २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. तिच्याबद्दल सगळ्यांत मोठा गैरसमज असा, की ती पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांचीच आहे. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू केली, पांढऱ्या रेशनकार्डासह. संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेलं आणि उपचारांची संख्या १३५६ केली. त्यानंतरही यादीत बदल होत आले आहेत. पांढरं कार्ड कपाटात पडून आहे म्हणणाऱ्या मध्यमवर्गीय घरांनी ते बाहेर काढावं. धान्य मिळत नसेल, उपचार मिळतील.

मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादाही याच निर्णयात अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर गेली. योजनेची हेल्पलाइन १५५३८८.

आईचं नाव आमच्या रेशनकार्डावर नाही. गावच्या कार्डावर आहे, नाहीतर कुठेच नाही.

माझ्या मते राज्य योजनेतली सगळ्यांत मोठी गळती इथे होते. आई सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे. गावचं घर बंद, कार्ड कुठल्या ट्रंकेत आहे कुणाला ठाऊक नाही. शहरातल्या सुनेने नवं कार्ड काढताना सासूचं नाव घातलेलं नाही, कारण 'त्यांचं गावाकडे आहेच'. आणि गावच्या कार्डावरून आधार नंबर न जोडल्यामुळे नाव कधीच गळलेलं असतं.

करायचं एवढंच : आईचं नाव आत्ता ज्या कार्डावर आहे ते शोधा. ते चालू आहे का हे रेशन दुकानात किंवा तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत विचारा. नाव असेल तर गावचं कार्डही चालतं, योजनेसाठी रुग्णालय त्याच तालुक्यात असण्याची गरज नाही. नाव कुठेच नसेल तर ज्या मुलाकडे आई जास्त राहते त्याच्या कार्डावर चढवा. आधारवरचं आणि रेशनकार्डावरचं नाव जुळतं का हेही पाहा. एका ठिकाणी माहेरचं नाव, दुसरीकडे सासरचं, एवढ्यावरून मंजुरी अडून राहते. आई सत्तरीच्या पुढे असेल तर सुटका सोपी आहे, वय वंदना कार्डाला रेशनकार्ड लागतच नाही.

सीजीएचएस किंवा ईसीएचएस आहे. ते सोडून वय वंदना घ्यावं का?

सीजीएचएस (केंद्र सरकारचे कर्मचारी आणि निवृत्त यांची), ईसीएचएस (माजी सैनिकांची) आणि आयुष्मान सीएपीएफ (केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची) या योजनांतल्या ज्येष्ठांना दोन्हींपैकी एक निवडावं लागतं आणि ही निवड एकदाच करायची असते. माझं उत्तर स्पष्ट आहे : चालू असलेली सीजीएचएस किंवा ईसीएचएस सोडू नका.

वय वंदना कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावरच कामाला येतं. रक्तदाबाची, साखरेची, थायरॉइडची रोजची गोळी, महिन्याची तपासणी, डॉक्टरांची फी, यातलं काही त्यात नाही. सीजीएचएसच्या वेलनेस सेंटरमधून आणि माजी सैनिकांच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकमधून हीच औषधं मिळतात. म्हातारपणी दाखल होण्याची वेळ कधीमधी येते, गोळी रोज लागते. शिवाय या योजनांत पाच लाखांवर थांबणारी वार्षिक मर्यादा नाही.

केंद्र सरकारच्या निवृत्तांना दहा वर्षांची वर्गणी एकदम भरून सीजीएचएसचं आजीवन कार्ड घेता येतं. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर ही तिची जुनी केंद्रं. जिथे केंद्र नाही तिथे राहणारे निवृत्त दरमहा १००० रुपयांचा वैद्यकीय भत्ता घेतात. तो घेत असाल आणि सीजीएचएसचं कार्ड नसेल, तर हिशेब वेगळा आहे. तेव्हा आधी पेन्शन कार्यालयात आपली नोंद नेमकी कशी आहे ते विचारा. ईसीएचएस १ एप्रिल २००३ पासून आहे. सातारा-कोल्हापूरकडच्या फौजी कुटुंबांना ती चांगली ठाऊक असते, पण वीरपत्नी आणि अवलंबून असलेले आईवडील यांचं कार्ड काढायचं राहून गेलेलं असतं. ते काढा.

कारखान्यातून निवृत्त झालो. ईएसआय तेव्हाच संपलं ना?

संपलेलं नसू शकतं. किमान पाच वर्षं विमाधारक कामगार म्हणून नोकरी करून वयोमानाने निवृत्त झाला असाल, तर वर्षाला १२० रुपये भरून स्वतःला आणि पत्नीला ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, वैद्यकीय सेवा पुढे चालू ठेवता येते. महिन्याला दहा रुपये! पिंपरी-चिंचवड, ठाणे, सोलापूर, इचलकरंजी अशा कामगारांच्या गावांत किती जण या तरतुदीपासून वंचित राहिले असतील, या विचाराने जीव तुटतो. विमा क्रमांक आणि निवृत्तीचं पत्र घेऊन ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात जा. ईएसआयवाल्यांना वय वंदना कार्डही काढता येतं, इथे एक सोडण्याची अट नाही.

खासगी मेडिक्लेम आहे. हप्ता परवडत नाही, बंद करू का?

खासगी पॉलिसी असली तरी वय वंदना कार्ड मिळतंच. एकाच बिलाचे पैसे दोन्हीकडून घेता येत नाहीत, एवढंच.

बंद करण्याआधी तीन गोष्टी पाहा. तुम्ही ज्या रुग्णालयात जाता ते सरकारी योजनेत आहे का? नसेल तर पॉलिसीच आधार आहे. दुसरं, विमा नियामकाने जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे की ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर आधी नियामकाशी सल्लामसलत करावी लागेल. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे. हप्त्याची नवी नोटीस आली असेल तर हे दोन्ही तपासा. तिसरं, १ एप्रिल २०२४ पासून नवी पॉलिसी घ्यायला ६५ वर्षांची अट राहिली नसली, तरी बहात्तराव्या वर्षी मधुमेह असताना नव्याने घ्यायला गेलात तर जुन्या आजाराची वाट पाहण्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. झेपत असेल तोवर चालू ठेवा. हप्ता जर पेन्शनच गिळत असेल आणि जवळचं चांगलं रुग्णालय योजनेत असेल, तर सोडण्यात चूक नाही.

कोणते उपचार बसतात? गुडघा? मोतीबिंदू? डायलिसिस?

अँजिओप्लास्टी, बायपास, कर्करोगाची केमोथेरपी आणि रेडिएशन, डायलिसिस, मोडलेल्या खुब्याची शस्त्रक्रिया, अर्धांगवायूनंतरचे दाखल उपचार, हे मोठे खर्च योजनांत आहेत. आयुष्मानमध्ये दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी गेल्यावरचे पंधरा दिवस यांतल्या तपासण्या-औषधंही पॅकेजात धरली जातात. डिस्चार्जच्या दिवशी पंधरा दिवसांची औषधं मागून घ्या, बरेच लोक मागत नाहीत.

बसत नाही ते असं : ओपीडी, नुसत्या तपासण्यांसाठी दाखल होणं, सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रिया. खाट जनरल वॉर्डातली असते. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, म्हणून 'योजनेत आहे' एवढं ऐकून समाधान मानू नका. गुडघ्याचा सांधा बदलायचा असेल तर तो उपचार त्याच रुग्णालयाला, त्याच योजनेखाली मंजूर आहे का, हे विचारा. मोतीबिंदूसाठी योजनेचीही गरज पडत नाही. अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत तो मोफत काढतात.

रुग्णालय योजनेत आहे हे कसं कळेल?

योजनेच्या भाषेत अशा रुग्णालयाला 'अंगीकृत रुग्णालय' म्हणतात. यादी संकेतस्थळावर असते, पण यादीवर विसंबू नका. एक दिवस सवड काढून घराजवळच्या दोन रुग्णालयांत प्रत्यक्ष जा आणि आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयातले योजनेचे मदतनीस, कुठे बसतात ते विचारा. त्यांना आधार, रेशनकार्ड, वय वंदना कार्ड दाखवा आणि तीन प्रश्न करा : आमची नावं प्रणालीत दिसतात का, हृदयविकार आणि हाडांचे उपचार इथे योजनेत होतात का, रात्री आलो तर कुणाला भेटायचं. एखादं रुग्णालय कर्करोगासाठी योजनेत असतं आणि हृदयासाठी नसतं. हे आधी कळलेलं बरं. राज्य योजना आणि वय वंदना दोन्ही असतील तर कोणत्या कार्डावर नोंद करायची हेही त्यांच्याकडूनच समजून घ्या.

मध्यरात्री छातीत दुखू लागलं तर कागदपत्रं कुठून आणायची?

आधी १०८ ला फोन करा, ती रुग्णवाहिका मोफत आहे. तातडीच्या रुग्णाला दाखल करून उपचार सुरू करता येतात आणि आरोग्यमित्रामार्फत दूरध्वनीवरून मंजुरी घेता येते. कागद नंतर जोडता येतात. मात्र दाखल होतानाच 'आम्हाला योजनेतून उपचार घ्यायचे आहेत' हे मोठ्याने सांगा. रोख भरून झाल्यावर, घरी आल्यावर परतावा मागायची सोय या योजनांत नाही. हे कॅशलेस आहे, पैसे थेट रुग्णालयाला जातात.

रुग्णालय म्हणतं, योजना चालेल पण आधी डिपॉझिट भरा.

पॅकेजात बसणाऱ्या उपचारासाठी पैसे घेता येत नाहीत. शांतपणे सांगा, 'पावती द्या, त्यावर कारण लिहा.' पुष्कळदा मागणी तिथेच संपते. नाही संपली तर तिथूनच राज्य योजनेसाठी १५५३८८ आणि आयुष्मानसाठी १४५५५ वर तक्रार नोंदवून क्रमांक लिहून घ्या. जिल्ह्याला योजनेचे समन्वयक असतात, त्यांचा नंबर आरोग्यमित्राच्या टेबलाजवळच्या फलकावर पाहा. पैसे भरावेच लागले तर पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. पावती हाती नसेल तर पुढे तक्रारीला आधार राहत नाही.

योजनेत उपचारच बसत नसेल तर?

सरकारी रुग्णालय हा पहिला पर्याय आहे, आणि तो मी नाइलाज म्हणून सांगत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, केस पेपरचेही पैसे नाहीत.

दुसरा पर्याय धर्मादाय रुग्णालयं. सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातलं कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली योजना यांनुसार त्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो दरवर्षी काढून ठेवा. मोठमोठी नावाजलेली रुग्णालयं धर्मादाय न्यासांची आहेत, हे पाटीवरून कळत नाही. समाजसेवा अधिकाऱ्याला थेट विचारा.

मुलगी बंगळुरूला, मुलगा अमेरिकेत. तिकडे चालेल का? आणि गोव्यात?

बंगळुरूला वय वंदना कार्ड चालतं, आयुष्मान योजना राज्याबाहेरच्या तिच्या रुग्णालयांतही लागू असते.

परदेशात नाही. भेटीला जाताना प्रवासी विमा घ्यावाच लागतो. अमेरिकेतली ज्येष्ठांची मेडिकेअर योजना व्हिजिटर व्हिसावर मिळत नाही. ग्रीन कार्डवर गेलेल्या आईवडिलांना ६५ वय आणि सलग पाच वर्षांचं वास्तव्य झाल्यावर हप्ता भरून ती घेता येते.

गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख, आणि राज्यात पाच वर्षांचं वास्तव्य हवं.

आजी अंथरुणाला खिळल्या आहेत. घरी येणारी बाई, डायपर, फिजिओथेरपी, यासाठी काही?

विमा म्हणून काही नाही. सगळ्या योजना रुग्णालयाच्या खाटेशी बांधलेल्या आहेत आणि घरची शुश्रूषा त्यांच्याबाहेर राहिली आहे. ही उणीव मोठी आहे. तिचा भार आज घरातली एखादी सून किंवा लेक एकटी वाहते आहे.

थोडाफार आधार आहे तो असा. जिल्हा रुग्णालयांत ज्येष्ठांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली वृद्धरोग ओपीडी आणि फिजिओथेरपीची सोय केलेली असते. जनऔषधी केंद्रांत रोजच्या गोळ्या बऱ्याच स्वस्त मिळतात, फक्त डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्यावं. ६५ च्या पुढच्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, काठी, व्हीलचेअर अशा साधनांसाठी एकदा ३००० रुपये मिळतात, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत हवं. आणि जुन्या करपद्धतीत रिटर्न भरत असाल तर विमा नसलेल्या ज्येष्ठ आईवडिलांच्या औषधोपचाराचा ५० हजारांपर्यंतचा खर्च कलम ८० डी खाली वजा करता येतो, त्यासाठी बिलं जपून ठेवा आणि पैसे रोखीने देऊ नका. कोणती सोय जवळ आहे हे कळत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिथे मराठीतून बोलता येतं.